४५ हजारांच्या पॅकेजमधून हातात ३१,९०० का येतात?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही अंबाजोगाईकडचे, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, सध्या जालन्यात एका रोलिंग मिलमध्ये आहात आणि मामांकडे राहता. तिथे महिन्याला १९,००४ रुपये हातात येतात. आता संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीने ५ लाख ४० हजारांचं पॅकेज दिलंय. तुम्ही त्याला बाराने भागलं, ४५ हजार आले, घरी तसं सांगितलं आणि अण्णांनी, म्हणजे तुमच्या वडिलांनी, ते पाहुण्यांतही सांगून टाकलं. ऑफर लेटर आणायला गेलात तर एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "हातात ३१,९०० पडतील." आता अण्णांचं म्हणणं, सरकार टॅक्सपायी १३,१०० कापून घेणार असेल तर जालना सोडायचं कशाला? आणि तुम्ही विचारलंय की हा टॅक्स वाचवायचा कसा.

आधी टॅक्सचा विषय मनातून काढा. या १३,१०० मध्ये इन्कम टॅक्सचा एक रुपयाही नाही. कर म्हणून सरकारजमा होणारे त्यातले फक्त २०० आहेत, व्यवसाय कराचे, ज्याला आपण पीटी म्हणतो. तेव्हा खरा प्रश्न उरलेल्या १२,९०० चा आहे. त्यातली काही रक्कम तुमचीच आहे पण आज मिळणार नाही, काही वर्षातून एकदा येईल, काही बस, जेवण आणि विम्याच्या रूपाने मिळेल आणि काही मिळेलच याची आज कुणी हमी देऊ शकत नाही. हे वेगवेगळं केलं की नोकरी घ्यायची की नाही, ते तुम्हालाच दिसेल.

मी गेली २१ वर्षे वाळूज आणि चिकलठाण्यातल्या कारखान्यांची पगारपत्रकं करते. दरवर्षी नवी पोरं लागतात आणि पहिल्या पगाराच्या दिवशी टेबलाशी येऊन उभी राहतात. एका हातात मोबाइल, त्यावर बँकेचा मेसेज उघडलेला. दुसऱ्या हातात ऑफर लेटरचं पहिलं पान. मी विचारते, शेवटचं पान कुठंय? ते बहुतेक वेळा गावाकडे पेटीत असतं. ऑफर लेटरच्या शेवटी एक तक्ता जोडलेला असतो, त्याला ॲनेक्शर म्हणतात. तुमचा पगार त्या तक्त्यात असतो. पहिल्या पानावर असते ती सीटीसी, म्हणजे तुमच्या एका माणसापायी कंपनीला वर्षभरात येणारा सगळा खर्च.

तुम्ही तो तक्ता उतरवून पाठवलात हे फार बरं केलंत. त्यातले महिन्याचे आकडे असे आहेत. बेसिक २०,०००, घरभाडे भत्ता ८,०००, स्पेशल अलाउन्स ६,५००. या तिन्हींची बेरीज ३४,५००, ही तुमची ग्रॉस. त्याखाली कंपनीचा पीएफ २,४००, ग्रॅच्युइटी ९६२, बोनस १,६६६, व्हेरिएबल ४,०००, विम्याचा हप्ता ४७२ आणि बस-कँटीन १,०००. ही बेरीज १०,५००. दोन्ही मिळून ४५,०००.

अण्णांना हे आडतीच्या पट्टीवरून सांगा, लगेच कळेल. सोयाबीन लातूरला नेलं की पट्टीवर वर मालाची एकूण रक्कम असते, खाली हमाली-तोलाई वजा होते आणि शेवटी हातात दिलेली रक्कम. सॅलरी स्लिप ही तुमची पट्टीच आहे. पण ती सुरू होते ३४,५०० पासून. वरचे १०,५०० त्या पट्टीवर चढतच नाहीत, म्हणून ते कुणीतरी कापल्यासारखे वाटतात. स्लिपवर खरोखर वजा होतात ते दोनच आकडे, पीएफचे २,४०० आणि पीटीचे २००. ३४,५०० मधून २,६०० गेले, ३१,९०० राहिले. मॅडमनी सांगितलेला आकडा बरोबर आहे. शिवाय हमाली एकदा गेली की गेली. पीएफचं तसं नाही, तो तुमच्याच नावावर साठतो.

या पीएफबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण १३,१०० मधला सगळ्यात मोठा वाटा त्याचाच आहे. बेसिकच्या १२ टक्के तुमच्याकडून कापतात आणि तेवढेच कंपनी घालते. म्हणजे २,४०० आणि २,४००, मिळून ४,८०० रुपये दर महिन्याला तुमच्या यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफच्या क्रमांकावर, जमा होणार. कंपनीच्या २,४०० मधले १,२५० पेन्शन योजनेकडे जातात आणि १,१५० पीएफ खात्यात येतात. सप्टेंबर २०१४ पासून पेन्शनसाठी पगाराची कमाल मर्यादा १५,००० धरतात आणि त्याचे ८.३३ टक्के म्हणजे हे १,२५०. जालन्याच्या स्लिपवर तुमचं बेसिक १२,००० आहे, त्यामुळे तुम्ही आधीच पेन्शन योजनेचे सभासद आहात आणि पुढेही राहाल. एखादा मित्र पहिल्याच नोकरीला १५,००० च्या वरच्या बेसिकवर लागला असेल, तर त्याला पेन्शन योजना नसते आणि कंपनीचा सगळा हिस्सा पीएफमध्येच जातो. तेव्हा त्याच्या पासबुकावरून स्वतःचं ताडू नका. तुमच्या पीएफ खात्यात महिन्याला ३,५५० पडतील, वर्षाला ४२,६००. २०२४-२५ या वर्षासाठी त्यावर ८.२५ टक्के व्याज होतं.

कायद्याने पीएफ १५,००० च्या बेसिकवरच बंधनकारक आहे, म्हणजे १,८००. काही कंपन्या नोकरी लागताना विचारतात, पूर्ण बेसिकवर कापायचा की १,८०० च? तुम्ही १,८०० निवडलेत तर हातात ६०० वाढतील. कंपनीच्या वाट्याचे वाचलेले ६०० ती भत्त्यात देते की स्वतःकडे ठेवते, हे त्या त्या कंपनीच्या धोरणावर असतं. मला विचाराल तर पूर्ण बेसिकवरच कापू द्या. तुम्ही २४-२५ वर्षांचे आहात. हातात आलेले ६०० महिन्याभरात कुठे जातात ते कळत नाही, खात्यातले मात्र राहतात. घरावर कर्ज असेल आणि त्याचं व्याज जड जात असेल तर माझं मत बदलेल. तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही.

पीएफ कापला म्हणजे तो भरला असं मात्र गृहीत धरू नका. काही वर्षांपूर्वी एका लहान वर्कशॉपमधला वेल्डर माझ्याकडे आला होता. मुलीच्या लग्नासाठी पीएफमधून ॲडव्हान्स काढायचा होता. १४ महिन्यांच्या स्लिपा त्याने पिशवीत नीट घडी करून ठेवलेल्या, प्रत्येकीवर पीएफ कापलेला. पासबुक उघडलं तर त्या १४ महिन्यांत एकही रक्कम जमा नाही. मालकाने त्याच्याकडून घेतले आणि भरलेच नव्हते. आम्ही दोघांनी बसून पीएफ कार्यालयात तक्रार लिहिली आणि त्या स्लिपा जोडल्या. स्लिपा नसत्या तर त्याच्या हातात काहीच नव्हतं. तुम्ही एवढंच करा, दर महिन्याची स्लिप डाउनलोड करून ठेवा आणि पासबुक बघत राहा. मागच्या महिन्याचा पीएफ कंपनीने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, त्यामुळे पंधरवडा उलटला की नोंद शोधायला हरकत नाही.

जालन्याचा पीएफ काढून मोटरसायकल घेण्याचा विचार तुम्ही लिहिलाय. तसं करू नका. जुना यूएएन नव्या कंपनीच्या फॉर्म ११ मध्ये द्या आणि रक्कम ट्रान्सफर करून घ्या. सलग ५ वर्षांची नोकरी होण्याआधी काढलेला पीएफ करपात्र ठरतो. पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते, तिथेही जुनी वर्षं मोजली जायला हवीत. तीन-तीन नोकऱ्यांचे तीन यूएएन घेऊन फिरणारी माणसं मी पाहिलीत. ते एकत्र करताना नावातल्या एका अक्षराच्या फरकावरून महिनोन्महिने हेलपाटे होतात.

आता अशी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेलीच नाही, पण मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटते. जालन्याच्या तुमच्या स्लिपवर १५६ रुपये ईएसआयचे, म्हणजे राज्य कामगार विम्याचे, कापलेले आहेत. २०,८०० ग्रॉसचे ०.७५ टक्के. कंपनी त्यावर ३.२५ टक्के भरते. ईएसआयची मर्यादा २१,००० आहे, आणि वाळूजमध्ये तुमची ग्रॉस ३४,५०० होणार. म्हणजे ईएसआय बंद. कपात वाचली म्हणून बरं वाटेल, पण त्या १५६ रुपयांत तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांचा दवाखानाही होता. अण्णांना बीपीच्या गोळ्या सुरू आहेत असं तुम्ही ओघात लिहिलंय. नव्या कंपनीच्या तक्त्यात विम्याचा हप्ता ४७२ दिसतो. एवढ्या हप्त्यात आई-वडील बसवलेले असतील असं मला वाटत नाही, बहुधा तुमच्या एकट्याचा विमा असेल. एचआरला विचारा, पॉलिसीत आई-वडील घालता येतात का आणि घातले तर जास्तीचा हप्ता किती. नाही म्हणाले तर बाहेरून पॉलिसीचा भाव काढा, अण्णांचा बीपी अर्जात लपवू नका, आणि तो वर्षाचा हप्ता बाराने भागून ३१,९०० मधून वजा करा. तुमच्या घरापुरतं बोलायचं तर खरा हातातला पगार तिथून पुढे सुरू होतो.

पीटी आणि बाकीच्या बारीक कपातींवर फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. महाराष्ट्रात १०,००० च्या वर पगार असला की महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. फेब्रुवारीत ३१,८०० आले तर घाबरू नका. महिलांना २५,००० पर्यंत पीटी नाही, एप्रिल २०२३ पासून. जून आणि डिसेंबरच्या स्लिपवर कामगार कल्याण निधीचे २५ रुपये दिसू शकतात.

आता इन्कम टॅक्स. आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आणि नव्या करप्रणालीचे धरते. तुम्ही काही वेगळं कळवलं नाही तर कंपनी हीच प्रणाली धरते. ग्रॉसचे वर्षाचे ४,१४,०००, त्यात बोनसचे सुमारे २०,००० आणि व्हेरिएबल पूर्ण मिळाला असं धरून ४८,०००. झाले ४,८२,०००. कंपनीचा पीएफ यात येत नाही. यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट, ज्याला स्टँडर्ड डिडक्शन म्हणतात, ती गेली की ४,०७,००० उरतात. ४ लाखांपर्यंत कर शून्य, वरच्या ७,००० वर ५ टक्क्यांनी ३५० रुपये. आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर कलम ८७अ खाली ६०,००० पर्यंतच्या कराची सूट मिळते, त्यात हे ३५० ही जातात. कर शून्य. तेव्हा टॅक्स वाचवायचा म्हणून कुणी तुमच्या गळ्यात विम्याची पॉलिसी मारायला आलं, तर त्याला हाच हिशोब दाखवा. वाचवायला कर आहे कुठे?

यात एक बारकावा आहे, तो बऱ्याच जणांकडून सुटतो. कर शून्य असला तरी रिटर्न भरावं लागू शकतं. वजावटीनंतरचं तुमचं उत्पन्न ४ लाखांच्या वर जातंय, आणि सूट ही त्यानंतरची पायरी आहे. त्यामुळे ज्या वर्षी पूर्ण १२ महिने या पगारावर काम कराल, त्या वर्षाचं रिटर्न भरा, एरवी मुदत ३१ जुलैची असते. पुढे घराचं कर्ज घ्यायला गेलात की बँक हीच रिटर्न मागते. यंदा मधूनच नोकरी बदलताय, तर जालन्यात तोवर मिळालेल्या पगाराची माहिती नव्या कंपनीला लेखी द्या.

ज्यांचा पगार मोठा आहे आणि जे हेच उत्तर वाचताहेत, त्यांच्यासाठी थोडं थांबते, कारण तिथे टॅक्स खरोखर लागतो. पगार, बोनस धरून वर्षाचे १४,४०,००० मिळत असतील तर प्रमाणित वजावटीनंतर १३,६५,००० उरतात. ४ ते ८ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, ८ ते १२ लाखांवर १० टक्क्यांनी ४०,००० आणि वरच्या १,६५,००० वर १५ टक्क्यांनी २४,७५०. झाले ८४,७५०, त्यावर ४ टक्के सेस, एकूण ८८,१४०. महिन्याला ७,३४५ कापले जातील. जुनी प्रणाली बरी पडेल का, असं दरवर्षी विचारतात. ५०,००० ची वजावट, पीटीचे २,५००, ८०सी कलमाखालच्या बचतीचे (पीएफ, एलआयसी वगैरे) दीड लाख, घरकर्जाच्या व्याजाचे २ लाख आणि मेडिक्लेमचे २५,००० एवढं सगळं धरलं तरी जुन्यात याच माणसाला १,२०,९०० भरावे लागतात. त्यामुळे घरकर्ज आहे म्हणजे जुनीच प्रणाली, हा समज आता आकडे मांडून तपासायला हवा. आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या थोडं वर गेलं तर एकदम ६०,००० चा कर अंगावर पडत नाही. १२,१०,००० असेल तर कर वरच्या १०,००० एवढाच, अधिक सेस ४००.

जुनी प्रणाली निवडलेल्यांची गफलत एकाच जागी होते. एप्रिलमध्ये घोषणापत्रात भाडं, एलआयसी, शाळेची फी सगळं लिहून देतात, कंपनी त्यावर विश्वास ठेवून कर कमी कापते. जानेवारीत पावत्या मागितल्या की घरमालक भाडेपावती द्यायला तयार नसतो. मग वर्षाचा उरलेला कर फेब्रुवारी आणि मार्चच्या दोन पगारांतून निघतो. मार्चमध्ये अर्धा पगार हातात आलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्या महिन्यात नेमका त्यांच्या मुलांच्या ॲडमिशनचा खर्च असतो.

पुन्हा तुमच्याकडे येते. तुमच्या तक्त्यात मला सगळ्यात कच्ची वाटते ती व्हेरिएबलची ओळ. वर्षाचे ४८,०००. हे कंपनीचं टार्गेट आणि तुमचं रेटिंग या दोन्हींवर असतं. वर्ष संपल्यावर मिळतात, आणि मिळायच्या दिवशी तुम्ही नोकरीवर असावं लागतं. कुठे पूर्ण मिळतात, कुठे अर्धे, मंदीच्या वर्षी काहीच नाही. मी कुणाचाही घरखर्च मांडते तेव्हा हा आकडा शून्य धरते. गेल्या वर्षी तुमच्याच विभागात किती टक्के मिळाला, हे तिथे आधी लागलेल्या कुणाला विचारा. एचआरपेक्षा तो खरं सांगेल.

बोनसचे १,६६६ तसे नाहीत. बेसिकच्या ८.३३ टक्के दराने वर्षाचे सुमारे २०,०००, दिवाळीच्या आसपास एकरकमी येतील. पहिल्या वर्षी जेवढे महिने काम झालं तेवढ्याच प्रमाणात. ग्रॅच्युइटीचे ९६२ मात्र कंपनीत राहण्यावर आहेत. शेवटच्या बेसिकचे १५ दिवस, महिना २६ दिवसांचा धरून, दर वर्षामागे. आजच्या २०,००० वर ते वर्षाला ११,५३८ होतात, ५ वर्षांनी सुमारे ५७,७००. कायम नोकरीत ५ वर्षं पूर्ण होण्याआधी सोडलं तर साधारणतः काही मिळत नाही. तुमची नेमणूक ठराविक मुदतीची असेल तर नव्या संहितेत एका वर्षानंतरच हक्क दिलेला आहे, म्हणून पत्रात नेमणूक कोणत्या प्रकारची लिहिली आहे तेही बघा.

ती नवी संहिता म्हणजे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रम संहितांपैकी एक. त्यात वेतनाची व्याख्या बदलली आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. त्याआधी फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं होतं, की सगळ्यांना सरसकट दिला जाणारा भत्ता पीएफसाठी मूळ पगारातच मोजायचा. बेसिक ९,००० आणि स्पेशल अलाउन्स १५,००० असे तक्ते मी वर्षानुवर्षे पाहत आले. पीएफ कमी भरावा लागावा म्हणून केलेले. तुमचा तक्ता त्यांतला नाही. तरीही वर्षभरात कंपनीने रचना बदलून बेसिक वाढवलं, तर पूर्ण बेसिकवर पीएफ असल्यामुळे हातातला आकडा थोडा घटेल आणि खात्यातला वाढेल. तेव्हा पगार कमी केला असं समजून भांडायला जाऊ नका, आधी दोन्ही ओळी एकत्र वाचा.

बस आणि कँटीनचे १,००० हे राहण्याच्या जागेवर आहेत. बजाजनगरला रूम घेतली आणि कंपनी चालत जाण्याइतकी जवळ असली, तर बसचा तुम्हाला उपयोग नाही, पण सीटीसीत ती मोजलेली राहणार. सिडकोकडे राहिलात तर तीच बस मोठी सोय आहे.

आता दोन्ही नोकऱ्या शेजारी ठेवा. हातात १९,००४ ऐवजी ३१,९००, म्हणजे १२,८९६ जास्त. पीएफ दोन्हीकडचा धरून महिन्याला २,८८० ऐवजी ४,८००. समोरच्या बाजूला जालन्यात मामांकडे राहणं-जेवण फुकट आहे, इथे रूमभाडं, डिपॉझिट आणि मेस येईल, आई-वडिलांच्या विम्याचा हप्ता येईल. जालन्यात ओव्हरटाइम मिळत असेल तर तोही लिहा, कारण इथे तुम्हाला स्टाफमध्ये घेतलंय आणि स्टाफला बऱ्याच ठिकाणी तो मिळत नाही. हे सगळे आकडे एकाच कागदावर मांडा. तुमच्या जागी मी असते तर रूमभाडं आणि विमा मिळून ९,००० च्या आत बसत असेल तर आलेच असते, कारण बेसिक १२,००० वरून २०,००० होतंय आणि पुढची प्रत्येक वाढ त्या २०,००० वर होणार.

लग्नाच्या बोलणीत पाहुण्यांना आता काय सांगायचं हेही तुम्ही विचारलंय, ते सरळ सांगा. हातात ३१,९०० येतात, ४,८०० पीएफ आणि पेन्शन मिळून साठतात, दिवाळीला वीसेक हजार बोनस आहे. अण्णांना हा एवढा हिशोब शांतपणे समजावलात तर तेच सांगतील, त्यांना त्यात कमीपणा वाटणार नाही. मुलीकडच्यांना पुढे त्याच रकमेत घर चाललेलं पाहायचं असतं, आणि ४५ हजारांच्या हिशोबाने घेतलेले हप्ते ३१,९०० मधून भरताना होणारी ओढाताण लग्नानंतर दोघांनाही सोसावी लागते.

होकार देण्याआधी एचआरला एक ईमेल टाका आणि लेखी उत्तर घ्या. पीएफ पूर्ण बेसिकवर कापणार की १,८०० च, व्हेरिएबल कधी आणि कशावर, विम्यात आई-वडील येतात का, कँटीनचे वेगळे पैसे स्लिपमधून कापतात का, आणि बिनपगारी रजेचा एक दिवस २६ ने भागून धरतात की ३० ने. शेवटच्या प्रश्नाने बरीच मुलं पहिल्या वर्षी फसतात. ३४,५०० ला २६ ने भागलं तर एका दिवसाला १,३२७ जातात आणि ३० ने भागलं तर १,१५०.

महिन्याच्या मधल्या तारखेला रुजू झालात तर पहिली स्लिप अर्धवट दिवसांची असेल, ती ३१,९०० शी ताडू नका. दुसऱ्या महिन्याची पूर्ण स्लिप आली की नाव, यूएएन आणि खाते क्रमांक झाकून इथे टाका. एकेक ओळ बघून सांगते.